तिकीटखिडकी खिशात आली, मग खिडकीमागे काय झालं?

गणपतीला कोकणात जायचं असेल, तर साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता तुम्ही कुठे असता हे वेगळं सांगायला नको. हॉस्टेलच्या रूमवर तिघांच्या हातात तीन मोबाइल, नावं आधीच भरून ठेवलेली, यूपीआयचा पिन ओठांवर. आठचा ठोका पडला की लॉगिन, गाडी, तारीख, पैसे. आठ वाजून दोन मिनिटांनी स्क्रीनवर काय येतं? वेटिंग. मग साइटला शिव्या, रेल्वेला शिव्या, रूमच्या वायफायला शिव्या.

शिव्या देऊन झाल्या असतील तर एक गोष्ट बघू. आपण समजतो की रेल्वेने खिडकीवरचं तिकीट मोबाइलवर आणलं, बस. तीच खिडकी, फक्त रांग नाही. पण ज्या संस्थेने आपला धंदा ऑनलाइन आणला, तिच्या आत काय काय हललं, कोणाचं काम गेलं, कोणाचं वाढलं, कोणाच्या हातातली सत्ता कोणाकडे गेली, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. बीएमएस-एमबीएच्या वर्गात याच विषयाची एक स्लाइड असते, मधोमध ढग आणि त्यातून निघालेले चार बाण. त्या बाणांवरून कोणाला काही कळल्याचं ऐकिवात नाही. वर्ष-दोन वर्षांत तुमच्यातले कित्येक जण अशाच कुठल्या तरी बदलत्या संस्थेत इंटर्न म्हणून नाहीतर नोकरीला लागणार आहेत. म्हणून बाण सोडून रेल्वे घेऊ. ती सगळ्यांच्या ओळखीची आहे.

तुमच्या आईवडिलांना विचारा, आरक्षणाचा फॉर्म भरून रांगेत उभं राहणं म्हणजे काय होतं ते. आजोबांना विचारलंत तर त्याहून जुनी गोष्ट कळेल. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. गाडीगणिक, तारखेगणिक जाड रजिस्टरं असायची आणि त्यात क्लार्क हाताने नावं लिहायचा. एका गाडीचं रजिस्टर ज्याच्यासमोर, त्याच खिडकीवर त्या गाडीचं तिकीट. म्हणजे जागा किती उरल्या हे रेल्वेला माहीत नसायचं, त्या खिडकीमागच्या माणसाला माहीत असायचं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९८५ मध्ये दिल्लीत कॉम्प्युटरवरचं आरक्षण सुरू झालं. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी केंद्रं उभी राहिली आणि १९९९ पर्यंत ही सगळी एकमेकांना जोडली गेली. त्याच वर्षी आयआरसीटीसी नावाची कंपनी निघाली. नावाचा अर्थ बघा, इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन. जेवण आणि सहली. तिकीट हा शब्द नावात कुठेच नाही. तरी ३ ऑगस्ट २००२ ला ऑनलाइन तिकीटविक्री सुरू झाली ती याच कंपनीतर्फे.

आता गंमत ऐका. २००२ चं ते ऑनलाइन तिकीट घरी कुरिअरने यायचं! तुम्ही नेटवर पैसे भरायचे, तिकडे कागदावर तिकीट छापलं जायचं, ते पाकिटात घालून कुरिअरवाला तुमच्या दारात. त्याला आय-तिकीट म्हणत. आज हसू येतं, पण तंत्रज्ञान कमी पडलं म्हणून असं झालं नव्हतं. पैसे ऑनलाइन जात होते, जागा ऑनलाइन मिळत होती. अडलं होतं ते नियमावर. रेल्वेच्या लेखी तिकीट म्हणजे तो छापील कागद. ज्याच्या हातात कागद त्याचा प्रवास. टीसीला दाखवायचा तो कागद, रद्द करताना परत द्यायचा तो कागद.

ई-तिकीट आलं २००५ मध्ये. त्यासाठी सर्व्हरपेक्षा जास्त बदलावं लागलं ते डब्यात. तुमच्याकडे रेल्वेने छापलेलं काही नाही, तरी तुम्ही प्रवासी आहात, हे टीसीने मान्य करायचं. कशावरून? त्याच्या हातातल्या चार्टमध्ये नाव आहे आणि तुमच्याकडे ओळखपत्र आहे यावरून. एवढ्याशा वाटणाऱ्या बदलाने टीसीचं कामच पालटलं. आधी तो कागद तपासायचा, आता माणूस तपासू लागला. पुढे त्याच्या हातात टॅबसारखं मशीन आलं. चार्ट कागदावर होता तेव्हा कुठला बर्थ रिकामा राहिला हे त्याला एकट्याला ठाऊक असायचं, आणि डब्याच्या दारापाशी त्याच्या भोवती घुटमळणारे चार जण आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मशीन असलेल्या गाडीत रिकाम्या बर्थची नोंद झाली की तो पुढच्या आरएसीवाल्याकडे जातो, नाहीतर पुढच्या स्टेशनहून चढणाऱ्यांना बुकिंगसाठी दिसतो. घुटमळण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

खिडकीवरच्या क्लार्कचंही तेच. नियमाची पुस्तकं आधीही होती, पण ती माणसाच्या हातात होती. 'साहेब, जरा बघा ना, आजी आजारी आहे,' म्हटलं की कधी साहेब बघायचे, कधी खेकसायचे. यात माणुसकी होती आणि वशिलेबाजीही होती. दोन्ही एकाच दारातून आत यायच्या. नियम सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि ते दार बंद झालं. हजारो खिडक्यांवर थोडं थोडं वाटलेलं ते 'बघतो' आता कुठे गेलं? ते एकत्र गोळा होऊन रेल्वे बोर्डात आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे गेलं. बुकिंग किती दिवस आधी उघडायचं, कोणत्या स्टेशनला किती कोटा, एका आयडीवर किती तिकिटं, हे तिथे ठरतं आणि एका रात्रीत देशभर लागू होतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांचे ६० दिवस झाले. रजिस्टरच्या जमान्यात एवढा बदल करायचा तर गावोगावी परिपत्रकं पाठवावी लागली असती, आणि त्यातली किती वाचली गेली असती ते देवाला ठाऊक.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती वेटिंगची. ई-तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर चार्ट लागल्यावर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. खिडकीवरून काढलेलं वेटिंगचं तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही, तो कागद प्रवाशाच्या हातातच राहतो आणि परतावा मागायलाही त्यालाच जावं लागतं. एकच गाडी, एकच यादी, दोन प्रकारचे प्रवासी. कारण आत दोन काळ एकाच वेळी नांदतायत, कागदाचा आणि नावाचा. जुनी आणि मोठी संस्था ऑनलाइन जाते तेव्हा तिच्यात हे हमखास दिसतं. नवं येतं, पण जुनं जात नाही, आणि दोघांच्या फटीत सापडतो तो गिऱ्हाईक. आणखी एक. वेटिंगच्या ई-तिकिटाचे पैसे परत येताना त्यातून 'क्लार्केज' नावाची रक्कम कापलेली दिसते. क्लार्क कुठेच नाही, त्याचं नाव तेवढं राहिलंय.

दहा वाजता काय होतं

खिडकीवरच्या रांगेचा एक छुपा गुण होता. रांग गर्दीला थोपवून धरायची. एका क्लार्कच्या हातून मिनिटाला जेवढी तिकिटं निघतील तेवढीच निघणार. ऑनलाइन आल्यावर बांध फुटला. एसीचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, नॉन-एसीचं अकराला, आणि त्या ठोक्याला अख्खा देश एकदम दारावर धडकतो. जुन्या साइटला मिनिटाला दोन हजार तिकिटं झेपायची. २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली ती ७,२०० तिकिटांची क्षमता घेऊन. २२ मे २०२५ ला सकाळी दहाच्या त्या एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, तो त्या यंत्रणेचा उच्चांक.

कौतुक आहेच. पण या सगळ्या काळात जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यातले बर्थ किती? ७२ होते, ७२ च राहिले. साइट दहापट वेगवान झाल्याने एकही बर्थ वाढत नाही, 'नाही' हे उत्तर तेवढं लवकर मिळतं. दुकान ऑनलाइन नेणाऱ्या प्रत्येकाला हा धडा कधी ना कधी मिळतो. समोरचं दार रुंद केलं तरी मागचं गोदाम तेवढंच असतं.

दार रुंद झालं तसे आत शिरणारेही बदलले. पूर्वी दलाल खिडकीपाशी माणसं उभी करायचा. आता तो सॉफ्टवेअर उभं करतो. फॉर्म, कॅप्चा, पैसे, सगळं मशीन भरतं, तुमचं बोट स्क्रीनला लागायच्या आत. डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयने तत्काळचं असं सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपावरून एका असिस्टंट प्रोग्रॅमरला अटक केली. तो कुठे नोकरीला होता? सीबीआयमध्येच. आणि त्याआधी आयआरसीटीसीत. २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितलं, की तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात त्यातले निम्म्यापर्यंत बॉट्सचे असतात, आणि अडीच कोटींहून जास्त संशयास्पद यूजर आयडी बंद करण्यात आले आहेत.

आता यामुळे कोणाचं काम बदललं बघा. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ. यार्डातली चोरी, रुळांची राखण, फलाटावरची गर्दी हे त्यांचं काम. आता तेच जवान बनावट आयडी आणि बेकायदा सॉफ्टवेअर शोधत सायबर कॅफेंवर छापे घालतात. ज्या कलमाखाली हे छापे पडतात तो कायदा १९८९ चा, तेव्हा भारतात सामान्य माणसाला इंटरनेट माहीतही नव्हतं. मग हे कलम ई-तिकिटाला लागू होतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल आला, लागू होतं. एक साइट सुरू केली आणि तिचे धागे पोलिसांपासून कोर्टापर्यंत कसे पोचले, हे त्या ढग-बाणांच्या स्लाइडवर कधी दिसणार नाही.

१ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारशी जोडलेलं खातं लागतं, आणि पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत एजंटांनाही मज्जाव आहे. दलालांना चाप बसला तर उत्तमच. पण जरा दुसऱ्या टोकाला उभे राहून बघा. आज आरक्षित तिकिटांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ऑनलाइन निघतात. उरलेले कोण? कल्याण किंवा एलटीटीच्या खिडकीवर पहाटेपासून बसलेला, बिहारला निघालेला गवंडी. त्याच्याकडे फोन असेलही, पण दहाच्या ठोक्याला चाळीस सेकंदांत व्यवहार पुरा करायची सवय नाही. खिडकी त्याच्यासाठीही दहालाच उघडते, पण रांगेत तिसरा असलेल्या त्याचा नंबर येईपर्यंत तुमच्या-माझ्यासारख्यांनी मोबाइलवरून गाडी भरलेली असते. त्याच्यावर अन्याय करायचा असं कोणीच ठरवलं नव्हतं. संस्थेचं लक्ष जिकडे गिऱ्हाईक जास्त तिकडे गेलं, इतकंच. माझ्या मते ऑनलाइनच्या हिशेबात हा खर्च कोणीच धरत नाही.

पैसा कुठून येतो, त्यावर मान ठरतो

तिकीटखिडकी रेल्वेसाठी खर्चाची बाब होती. क्लार्कचा पगार, जागा, कागद. ऑनलाइन झाल्यावर तीच कमाईची बाब झाली. तुम्ही भरता ती कन्व्हिनियन्स फी आठवा. नोटबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारने ई-तिकिटावरचं शुल्क काढून टाकलं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते परत आलं, नॉन-एसीला १५ रुपये, एसीला ३०, वर जीएसटी. पुढच्याच महिन्यात कंपनीचा शेअर बाजारात आला. ३२० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या घरात उघडला. लोकांनी पैसे लावले ते रेल्वेच्या समोशावर नाही, त्या पंधरा-तीस रुपयांवर. केटरिंगच्या नावाने निघालेल्या कंपनीची दुभती गाय तिकीट झाली.

मग २८ ऑक्टोबर २०२१. रेल्वे मंत्रालयाने कळवलं की या फीमधला निम्मा वाटा आम्हाला द्या. मूळ मालक म्हणून त्यांना त्यात काही गैर वाटलं नसावं. घरचाच मुलगा, घरचाच पैसा. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि शेअर पाव भागाहून जास्त कोसळला. त्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. आधी ज्या खात्यात एका पत्राने काम व्हायचं, तिथे आता हजारो भागधारक बसले होते आणि ते सकाळी सव्वानऊला उत्तर देत होते.

यातला दुसरा पैसा डोळ्यांना दिसत नाही, तो माहितीचा. कोण कुठून कुठे, किती वेळा, कोणाबरोबर जातं हे रजिस्टरमध्येही होतं, पण रजिस्टर कपाटात जायचं आणि धूळ खायचं. आता ते सर्व्हरवर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून कमाई कशी करता येईल हे सांगायला सल्लागार नेमण्यासाठी टेंडर काढलं. ओरड झाली, संसदेच्या समितीने बोलावलं, आणि त्याच महिन्यात टेंडर मागे घेतलं गेलं. पण प्रश्न मिटलेला नाही, आणि तो एकट्या रेल्वेचाही नाही. माहिती साठली की ती वापरायचा मोह होतोच, आणि तो आवरायला संस्थेत कोणाची नेमणूक झालेली नसते.

रेल्वेने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. जागांचा हिशेब ठेवणारी मूळ यंत्रणा स्वतःच्याच क्रिस या संस्थेकडे ठेवली. पुढची दारं कितीही उघडली, वेगवेगळ्या अ‍ॅप्सवरून तिकिटं निघाली, तरी वही घरातच आहे.

ज्यांनी वही बाहेर दिली त्यांचं काय झालं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. बॉर्डर्स ही तिथली पुस्तकांच्या दुकानांची बडी साखळी. २००१ मध्ये त्यांनी आपली वेबसाइट चालवायला देऊन टाकली, कोणाला? अ‍ॅमेझॉनला. त्यांचा विचार असा, की आपला धंदा दुकानांचा, ऑनलाइनची कटकट हवी कशाला? सात वर्षं बॉर्डर्सच्या नावाने येणारं गिऱ्हाईक अ‍ॅमेझॉन सांभाळत होतं आणि शिकत होतं. बॉर्डर्सने २००८ मध्ये स्वतःची साइट काढली, पण कंपनीत ते काम येणारी माणसं तयारच झाली नव्हती. २०११ मध्ये दिवाळं निघालं आणि दुकानं बंद झाली. हसण्याआधी कॉलेजसमोरच्या आपल्या हॉटेलकडे बघा. रोज पन्नास ऑर्डरी अ‍ॅपवरून जातात, पण खाणाऱ्याचा नंबर काही मालकाकडे नसतो. देशातल्या रेस्टॉरंटवाल्यांची संघटना २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे गेली तेव्हा तिच्या तक्रारींत हीसुद्धा होती, की आमचंच गिऱ्हाईक आम्हाला दिसत नाही.

दोन दरांचं दुखणं

जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवलं की काय होतं याची एक गाजलेली गोष्ट शेअर दलालीतली आहे. चार्ल्स श्वाब या अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये ऑनलाइन व्यवहारांसाठी वेगळा विभाग काढला. तिथे व्यवहाराला २९.९५ डॉलर, शाखेतून केलात तर बरेच जास्त. पण स्वस्तातल्या गिऱ्हाइकाला शाखेतल्या माणसाची मदत बेताचीच. परिणाम काय? शाखेतला माणूस रोज ऐकतोय, 'तुमच्याच कंपनीत तिकडे स्वस्त आहे, मग इथे का नाही?' आणि त्याच्याकडे उत्तर नाही. जानेवारी १९९८ मध्ये कंपनीने दोन्ही विभाग एक केले आणि सगळ्यांना स्वस्त दर लावला. उत्पन्न घटणार हे माहीत होतं, शेअरही पडला. पण वर्ष संपता संपता कंपनीचं बाजारमूल्य मेरिल लिंचसारख्या दिग्गजाच्या पुढे गेलं. त्या मेरिल लिंचने ऑनलाइन येण्याची घोषणा केली ती १९९९ मध्ये.

हे दुखणं आपल्याकडे जास्त ओळखीचं आहे. तुमच्या ओळखीत कोणी तरी मोटारसायकलवरून साबण-टूथपेस्टच्या ऑर्डरी घेत किराणा दुकानं फिरणारा सेल्समन असेल. २०२१ च्या शेवटी या वितरकांच्या लक्षात आलं, की कंपन्यांचा तोच माल दुकानदाराला ऑनलाइन घाऊक अ‍ॅपवर त्यांच्यापेक्षा स्वस्त मिळतोय. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा दुकानदार विचारू लागला, 'इतकी वर्षं आम्हाला लुटलंत का?' जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला. भांडण पैशांचं होतं, तसंच ते इज्जतीचंही होतं. कंपनीने ऑनलाइनचं दार उघडताना त्या सेल्समनला काय सांगायचं, हा विचार कोणीच केलेला नव्हता.

आता तुमच्याकडे येतो. समजा, तुमच्या मामांचं तालुक्याच्या गावी साड्यांचं दुकान आहे आणि सुट्टीत ते म्हणाले, 'तू शिकलेला ना, मग दुकान ऑनलाइन कर.' तुम्ही काय कराल? इन्स्टाचं पेज, चांगले फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग. चार दिवसांचं काम. पाचव्या दिवशी पहिली ऑर्डर येते ती डाळिंबी रंगाच्या पैठणीची. ती पैठणी दुकानात एकच होती आणि गादीवरच्या काकांनी ती तासाभरापूर्वी काउंटरवर विकली. चूक कोणाची? काकांच्या डोक्यात सगळा माल आहे, कुठल्या कपाटात कोणता नग तीस वर्षं पाठ आहे. पण ते तुमच्या शीटमध्ये नाही. रेल्वेचं रजिस्टर आठवलं ना? काकांच्या डोक्यातलं शीटमध्ये आणायचं तर काकांना विचारावं लागेल, आणि त्यांना हेही कळतं, की एकदा सगळं शीटमध्ये गेलं की आपल्याला विचारायला कोणी येणार नाही. ते हळूहळूच सांगतील. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हळूहळूच सांगितलं असतं.

पुढे काउंटरवरचा पोरगा. महिनाअखेरीला त्याने फाडलेल्या बिलांवर त्याला वर काही मिळतं. एक बाई येतात, वीस साड्या उलगडून बघतात, पदराचा पोत हाताने चाचपतात, 'विचार करून सांगते' म्हणतात आणि रात्री घरून तुमच्या पेजवर तीच साडी मागवतात. विक्री दुकानाचीच झाली. पण घड्या त्याने मोडल्या आणि आकडा तुमच्या नावावर चढला. दिवाळीपर्यंत त्याच्या लक्षात येईल, आणि मग पेजवरून फोटो बघून आलेल्या गिऱ्हाइकाला तो 'ती साडी संपली' म्हणायला लागेल. मामांना वाटेल पोरगा आळशी झाला. बिलावर त्याचंही नाव टाकायची सोय आधीच केली असती तर ही वेळ आली नसती, आणि त्याला पेज काढण्याएवढाही वेळ लागला नसता.

आणि साडी परत आली तर? खोक्यातून आलेली, एकदा नेसून घडी केलेली, फॉल लावलेली. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, 'रंग फोटोत वेगळा होता.' काउंटरवर असं कोणी म्हणालं तर मामी दोन वाक्यांत मिटवते, चहा पाजते, बदलून देते. आता तो फोन कोणी उचलायचा, पैसे परत करायचे की नाही हे कोणी ठरवायचं, आणि ती फॉल लावलेली साडी कोणाच्या खात्यात मांडायची? कॅटलॉगचे फोटो काढायच्या आधी मामा, मामी, काका आणि तो काउंटरवरचा पोरगा, या चौघांना एका संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून एकत्र बसवा आणि हे विचारा. पहिला तास कोणीच बोलणार नाही. मग काका सुरू करतील.